थ्री नॉट थ्री : जुन्या रायफलीला एवढी किंमत का?

साधारण ६० वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकारीच्या मासिकांत एक जाहिरात हमखास दिसायची. ब्रिटिश सैन्याने वापरून काढून टाकलेली रायफल, किंमत १५-२० डॉलर, पैसे पाठवा आणि टपालाने घरपोच मिळवा! अनेकांनी ती घेतली, हरणाच्या शिकारीला वापरली आणि मग गॅरेजच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली.

आज त्याच रायफलीसाठी संग्राहक कित्येक शे डॉलर मोजतात. काही खास नमुन्यांसाठी तर हजारो. पण गंमत अशी, की त्याच वर्षी, त्याच कारखान्यात बनलेल्या तिच्या जुळ्या बहिणीला आज कुणी विचारतही नाही. दोघींचं पोलाद एकच, लाकूड एकच, फरक फक्त एवढाच की एकीला मालकाने हौसेने ‘सुधारलं’ आणि दुसरीला आहे तशी ठेवलं.

तुम्ही म्हणाल, आपल्याला याचं काय? पण ही रायफल आपल्याला अगदी परकी नाही. पोलिसांच्या खांद्यावर, एनसीसीच्या परेडमध्ये, जुन्या हिंदी सिनेमात आपण ती पाहिलेली आहे. तिचं आपल्याकडचं नाव ‘थ्री नॉट थ्री’. आणि तिची किंमत ज्या गोष्टींवरून ठरते, त्या समजल्या तर आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या वस्तूंकडेही तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

ही रायफल आहे तरी कुठली?

तिचं खरं नाव ली-एनफिल्ड. ‘ली’ म्हणजे तिची यंत्रणा तयार करणारा जेम्स पॅरिस ली. त्याचा जन्म स्कॉटलंडचा, बालपण कॅनडातलं आणि काम अमेरिकेत. ‘एनफिल्ड’ म्हणजे लंडनच्या उत्तरेचं ते गाव, जिथे ब्रिटिश सरकारचा शस्त्रांचा कारखाना होता. १८९५ मध्ये ब्रिटिश सैन्याने ही रायफल स्वीकारली.

तिची जात ‘बोल्ट अ‍ॅक्शन’. प्रत्येक गोळी झाडल्यावर उजव्या बाजूची मूठ हाताने वर करायची, मागे ओढायची, पुन्हा पुढे ढकलून खाली दाबायची. म्हणजे रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. लीची यंत्रणा हाताला हलकी आणि वेगवान होती, मॅगझिनमध्ये १० गोळ्या मावायच्या. तरबेज सैनिक एका मिनिटात नेम धरून १५ गोळ्या झाडत असे. नळीचा आतला व्यास .३०३ इंच, म्हणून थ्री नॉट थ्री.

संग्राहकांच्या बोलण्यात तिची तीन रूपं सारखी येतात. पहिलं १९०७ चं ‘मार्क ३’, जे पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत लढलं. दुसरं ‘नंबर ४’, दुसऱ्या महायुद्धातलं. तिसरं ‘नंबर ५’, म्हणजे १९४४ मध्ये पूर्वेकडच्या जंगलातल्या लढाईसाठी काढलेली आखूड आणि हलकी आवृत्ती. ही रायफल इंग्लंडबरोबरच ऑस्ट्रेलियातल्या लिथगोला, कॅनडातल्या लाँग ब्रँचला, अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीत आणि आपल्या बंगालमधल्या इशापूरला बनली. सगळ्या मिळून दीड कोटींहून जास्त.

मग प्रश्न पडतो, इतक्या मोठ्या संख्येने बनलेली वस्तू दुर्मीळ होईलच कशी?

ढिगाने आल्या, स्वस्तात गेल्या

दुसरं महायुद्ध संपलं आणि सैन्याला स्वयंचलित बंदुका हव्या झाल्या. लाखो बोल्ट अ‍ॅक्शन रायफली गोदामांत पडून राहिल्या. सरकारांना त्या ठेवायला जागा नव्हती आणि वितळवायचा खर्च नको होता. व्यापाऱ्यांनी ही संधी ओळखली. सॅम्युअल कमिंग्ज या अमेरिकन माणसाने १९५३ मध्ये इंटरआर्म्स कंपनी सुरू केली आणि देशोदेशींच्या सैन्यांकडून जुनी शस्त्रं घाऊक भावात विकत घ्यायला लागला. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला आणि अमेरिकेतल्या अलेक्झांड्रियाला त्याची मोठमोठी गोदामं होती. अमेरिकेच्या बाजारात वापरून काढलेल्या लष्करी रायफलींचा पूर आला.

मग २२ नोव्हेंबर १९६३ उजाडला. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या अशाच टपालाने मागवलेल्या जुन्या लष्करी रायफलीतून. ती ब्रिटिश नव्हती, इटालियन होती. दुर्बिणीसकट तिची किंमत होती १९ डॉलर ९५ सेंट. त्यानंतर झालेल्या वादातून १९६८ चा बंदूक नियंत्रण कायदा आला. टपालाने बंदुका मागवणं बंद झालं आणि परदेशी लष्करी रायफलींची आयातही थांबली. १९८० च्या दशकात आयातीचे नियम पुन्हा थोडे सैल झाले, पण तोवर स्वस्ताईचा काळ सरला होता.

करवतीने घात केला

खरं नुकसान मात्र कायद्याने नाही, घरातल्या करवतीने केलं. १५ डॉलरच्या रायफलीला कोण जपणार? शिकाऱ्याला ती जड वाटायची. मग पुढचं लाकूड कापून टाक, नळी आखूड कर, वरती दुर्बीण बसवायला पोलादात भोकं पाड, दस्त्यावर चकचकीत व्हार्निश मार, असे उद्योग घरोघरी झाले. अशा रायफलीला ‘स्पोर्टर’ म्हणतात. त्या वेळी ही सुधारणाच वाटायची आणि वापरायला ती सोयीची होतीही. त्यात कुणाचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

पण संग्राहकाच्या दृष्टीने तिथेच तिची गोष्ट तुटली. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही. आज काही लोक जुने सुटे भाग शोधून स्पोर्टरला मूळ रूप देतात. ती दिसते छान, पण तिची किंमत न छेडलेल्या रायफलीच्या जवळपासही जात नाही. कारण संग्राहक नुसत्या रूपाचे पैसे देत नाही. ‘हिला सैन्यानंतर कुणी हात लावलेला नाही’ या खात्रीचे पैसे तो देतो. कोट्यवधी बनलेल्या रायफली दुर्मीळ कशा झाल्या, याचं उत्तर हे आहे. रायफली पुष्कळ आहेत, पण धडधाकट आणि अस्सल थोड्याच उरल्या.

जाणकार काय बघतात?

पारखी माणूस ली-एनफिल्ड हातात घेतो तेव्हा ती किती चमकते हे बघत नाही. आधी भिंग काढतो आणि वाचायला लागतो. कारण ही रायफल म्हणजे शिक्क्यांनी भरलेली वहीच असते.

क्रमांक जुळतात का? मुख्य भागावर, नळीवर, बोल्टवर, पुढच्या टोपणावर आणि लाकडावरही तोच अनुक्रमांक ठोकलेला असायचा. सगळे क्रमांक जुळले तर उत्तम. बोल्टचा क्रमांक वेगळा असेल तर किंमत लगेच घसरते. यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. बोल्ट त्या त्या रायफलीला मापून बसवलेला असायचा, दुसरीचा बोल्ट घातला तर गोळी झाडताना अपघात होऊ शकतो.

कारखाना कोणता, वर्ष कोणतं? शिक्क्यावरून दोन्ही कळतं. सॅव्हेज कंपनीच्या नंबर ४ वर ‘यूएस प्रॉपर्टी’ असा शिक्का असतो. १९४१ च्या उधार-उसनवारी कायद्याखाली अमेरिकेने त्या ब्रिटनला दिल्या, म्हणून मालकी अमेरिकेची! एका ओळीत महायुद्धाचं अर्थकारण वाचायला मिळतं.

मूळ भाग शाबूत आहेत का? सुरुवातीच्या मार्क ३ वर दोन खास गोष्टी असायच्या. एक म्हणजे खूप लांबच्या शत्रूवर सगळ्या तुकडीने एकदम मारा करण्यासाठी बाजूला बसवलेली वेगळी नेमपट्टी. दुसरी म्हणजे मॅगझिनमधल्या गोळ्या राखून ठेवायला सरकवायची पत्र्याची झडप. युद्धात उत्पादनाचा वेग वाढवायला या गोष्टी गाळल्या गेल्या आणि ‘मार्क ३ स्टार’ तयार झाली. पुढे दुरुस्तीला आलेल्या जुन्या रायफलींवरूनही त्या काढून टाकल्या. म्हणून या दोन्ही वस्तू मूळच्या असलेली रायफल हाती लागली की संग्राहकाचे डोळे चमकतात.

दस्त्यावर बिल्ला आहे का? काही रायफलींच्या दस्त्यात पितळेची छोटी चकती बसवलेली असायची. तिच्यावर पलटणीची खूण आणि रायफलीचा क्रमांक असे. चकती असली तर ती रायफल कुठल्या पलटणीच्या हाती होती याचा माग लागतो.

जुनी कळा तशीच आहे का? लाकडावरचे चरे, तेलाने काळवंडलेला रंग, घासून गुळगुळीत झालेली मूठ, हे सगळं संग्राहकाला हवं असतं. सँडपेपर मारून लाकूड नवंकोरं केलं की शिक्के पुसट होतात आणि किंमतही.

सगळ्यात महाग कोण?

मानाचं स्थान ‘नंबर ४ टी’ ला आहे. ही दुरून अचूक नेम साधणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली रायफल. कारखान्यात ज्या नंबर ४ चा नेम सर्वांत चांगला निघे, त्या वेगळ्या काढायच्या आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या नामवंत बंदूक कंपनीकडे पाठवायच्या. ही कंपनी त्यांना दुर्बीण जुळवून द्यायची. अशा वीस हजारांहून जास्त तयार झाल्या. दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर ठोकलेला असे आणि रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या कंसावर. लग्नात नवरा-बायकोने एकमेकांचं नाव मेंदीत लिहावं तसं! पुढे दोघांची ताटातूट झालेल्या जोड्या खूप. मूळ रायफल, तिचीच दुर्बीण आणि तिचीच लाकडी पेटी असा सगळा संच एकत्र मिळाला तर तो कित्येक हजार डॉलरला जातो.

त्याखालोखाल मागणी नंबर ५ ला, म्हणजेच ‘जंगल कार्बाइन’ला. ती सुमारे अडीच लाखच बनली. वजनाला हलकी असल्यामुळे ती खांद्याला जोराचा धक्का देते आणि तिचा नेम टिकत नाही अशी तक्रार सैन्यातच होती. म्हणजे हत्यार म्हणून ती फार गुणी नव्हती. तरी तिला भाव आहे, कारण ती थोडी बनली, थोडी वर्षं बनली आणि दिसायला देखणी आहे. संग्राहकाचा भाव आणि हत्याराचा गुण यांचा संबंध असतोच असं नाही, याचं हे चांगलं उदाहरण.

नकली मालाचा सुळसुळाट

जिथे भाव, तिथे भामटे. साध्या नंबर ४ ची नळी कापून, पुढे नरसाळं बसवून ‘जंगल कार्बाइन’ म्हणून विकण्याचे प्रकार खूप झाले. ओळखायचं कसं? खऱ्या नंबर ५ मध्ये वजन कमी करायला पोलादातून काही ठिकाणी धातू कोरून काढलेला असतो. नकली बनवणारा बाहेरचं रूप बदलतो, आतलं कोरीवकाम मात्र राहून जातं.

दुसरा प्रकार खैबर खिंडीच्या परिसरातला. पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेल गावात कारागीर पिढ्यान् पिढ्या हाताने बंदुकांच्या नकला करत आले आहेत. कसब थक्क करणारं, पण पोलाद कसलं वापरलंय याची खात्री नाही. शिवाय शिक्के नकलून काढताना गडबड होते, इंग्रजी अक्षरं उलटी पडतात. सगळ्यात प्रसिद्ध चूक म्हणजे मुकुटाखाली व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं आणि शेजारी १९१० किंवा १९१९ सारखं साल! राणी तर १९०१ च्या जानेवारीतच वारली होती. अफगाणिस्तानात गेलेल्या कित्येक परदेशी सैनिकांनी अशा रायफली ‘प्राचीन ठेवा’ समजून घरी नेल्या. भिंतीवर लावायला त्या बऱ्या, पण त्यातून गोळी झाडायचं धाडस जाणकार करत नाहीत.

ही गोष्ट आपलीही आहे

परदेशी लिलावांत ही रायफल ‘ब्रिटिश’ म्हणून विकली जाते. पण ती ज्यांच्या खांद्यावर होती त्यांत आपली माणसं लाखांनी होती. पहिल्या महायुद्धात १० लाखांहून जास्त भारतीय समुद्रापार गेले. मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, उन्हात लढल्या. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव सैनिकांच्या परंपरेमुळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं.

इशापूरचा कारखाना तर या रायफलीच्या इतिहासातला वेगळाच अध्याय आहे. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊन लढले. त्यानंतर इशापूरने त्याच जुन्या रचनेत नवं, जास्त मजबूत पोलाद वापरून ७.६२ मिलिमीटरच्या गोळीची ‘२ए’ आणि मग ‘२ए१’ रायफल काढली. त्यांचं मॅगझिन १२ गोळ्यांचं. जगातल्या शेवटच्या शेवटच्या नव्याने बनलेल्या लष्करी बोल्ट अ‍ॅक्शन रायफलींत त्यांची गणना होते. त्यातल्या बऱ्याच नंतर अमेरिकेच्या बाजारात गेल्या आणि बरीच वर्षं ‘स्वस्त भारतीय माल’ म्हणून खपल्या. आज त्यांचेही अभ्यासक आहेत.

या रायफलीने नोकरीही केवढी केली! २००८ साली २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात एके-४७ घेतलेल्या दहशतवाद्यांसमोर उभ्या पोलिसांच्या हातात हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निरोप दिला. कॅनडात उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ भागात गस्त घालणाऱ्या ‘कॅनेडियन रेंजर्स’नी तर ती साधारण ७० वर्षं वापरली, कारण कडाक्याच्या थंडीतही ती अडत नाही.

पण एक आठवण टाळून पुढे जाता येत नाही. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरच्या हुकमावरून ५० सैनिकांनी १,६५० गोळ्या झाडल्या, त्या याच .३०३ रायफलींतून. बागेच्या भिंतींवर गोळ्यांच्या खुणा आजही जपून ठेवल्या आहेत. कुणी परदेशी संग्राहक ‘१९१८, क्रमांक जुळणारी, उत्तम अवस्था’ असं अभिमानाने सांगतो, तेव्हा आपल्या मनात वेगळंच काही हलतं. त्यात वावगं काही नाही. न छेडलेली वस्तू जपायची ती याचसाठी. शौर्य आणि अत्याचार दोन्हीची ती साक्षीदार असते आणि साक्षीदाराला रंगरंगोटी करून चालत नाही.

भारतात ठेवता येते का?

थोडक्यात उत्तर, नाही. शस्त्र कायदा १९५९ नुसार .३०३ ही आपल्याकडे सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. जिल्हा पातळीवर मिळणाऱ्या साध्या परवान्यावर ती ठेवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास किमान ७ वर्षांची शिक्षा होऊ शकते. त्याच दुरुस्तीने साध्या परवान्यावरच्या शस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली. म्हणून इंटरनेटवरचे परदेशी भाव वाचून कुणी ‘जुनी रायफल मिळवून देतो’ म्हणत असेल, तर चार हात लांब राहा.

समजा, गावच्या वाड्यात माळ्यावर जुनी बंदूक सापडलीच, तर हे लक्षात ठेवा:

- ती हाताळू नका, घासूनपुसून बघू नका. आत गोळी असू शकते. मुलांना खोलीबाहेर काढा.
- फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.
- जुना परवाना, सैन्याची कागदपत्रं, वारसाचे पुरावे असतील तर शोधून ठेवा.
- विकत घ्यायला कुणी पुढे आलं तरी परस्पर देऊ नका.

मग आपण काय जपायचं?

रायफल नसली तरी सैनिकाच्या घरात जपण्यासारखं पुष्कळ असतं. पदकं, टोपीवरचा बिल्ला, पितळी बटणं, सेवापुस्तिका, आघाडीवरून आलेली पत्रं, पलटणीचा फोटो. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर सैनिकाचं नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते, हे अनेक घरांत माहीतही नसतं. एकदा भिंगाने बघा. मग पणजोबा ‘कुठल्याशा लढाईत’ राहत नाहीत, त्यांना पलटण मिळते, देश मिळतो, वर्ष मिळतं.

पारख मात्र रायफलीचीच वापरा. पदक दिवाळीला पितांबरीने घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. विटलेली रिबीन बदलून नवी लावू नका. फोटो फ्रेममध्ये घालताना मागचा मजकूर कापू नका. वेगवेगळ्या भावांच्या घरी विखुरलेल्या वस्तूंचा निदान एकत्र फोटो काढून ठेवा, कारण पदक एकाकडे आणि कागद दुसऱ्याकडे गेला की काही वर्षांनी दोन्ही मुकी होतात. आणि घरातल्या मोठ्यांना जे आठवतं ते आजच मोबाईलवर रेकॉर्ड करा. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा ती ट्रंक उघडा, पण ब्रश आणि पॉलिश घरीच ठेवून जा.